राजाबाई टॉवरच्या पायथ्याचे ग्रंथालय : ही इमारत विद्यार्थ्यांना कशी दाखवावी?

मंजिरी_ठाणे

नमस्कार मंडळी. मी ठाण्यातील एका महाविद्यालयात इतिहास शिकवते. पुढील महिन्यात द्वितीय वर्षाच्या पंचवीस-तीस विद्यार्थ्यांना घेऊन फोर्टमधील मुंबई विद्यापीठाचे जुने आवार पाहायला जाण्याचा विचार आहे. रीतसर परवानगीसाठी पत्र दिले आहे. ती मिळाली तर आत जाता येईल आणि न मिळाल्यास ओव्हल मैदानाच्या बाजूने इमारत बाहेरून पाहू.

तयारी म्हणून गेल्या आठवड्यात मी वर्गात एक छायाचित्र दाखवले आणि ही कोणती इमारत आहे असे विचारले. सगळ्यांनी एका सुरात ‘राजाबाई टॉवर’ असे उत्तर दिले. मनोऱ्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेली ती कमानींची लांब वास्तू कशाची, या प्रश्नावर मात्र वर्ग गप्प झाला. एकाने कोर्ट असेल असे सांगितले. एकीला विद्यापीठाचे कार्यालय वाटले. ते ग्रंथालय आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते, आणि मला ते फार लागले, कारण यातील प्रत्येकाच्या गुणपत्रिकेवर त्याच विद्यापीठाचे नाव छापलेले असते.

म्हणून ही भेट मनोऱ्याची न होता ग्रंथालयाची व्हावी अशी माझी इच्छा आहे. त्यासाठी काही प्रश्न आपल्यापुढे ठेवते. मुळात कल्पना ग्रंथालयाची होती की मनोऱ्याची? या इमारतीचे आराखडे करणारे सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट मुंबईत कधीच आले नव्हते, मग इथल्या पावसाला आणि उन्हाला पुरून उरणारी इमारत लंडनमध्ये बसून त्यांनी कशी योजली? मनोऱ्यावरील माणसांच्या पुतळ्यांबद्दल विद्यार्थ्यांना काय सांगावे? आणि शेवटचा प्रश्न म्हणजे, या इमारतीला देणगी देणारे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांच्या आई राजाबाई दृष्टिहीन होत्या, सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा जैन नियम पाळता यावा म्हणून मुलाने त्यांच्यासाठी घंटांचे घड्याळ बांधले, ही गोष्ट वर्गात इतिहास म्हणून सांगावी की नाही?

ज्यांनी त्या वाचनालयात बसून अभ्यास केला असेल किंवा दगडी इमारतींच्या जतनाचे काम केले असेल, त्यांनी अवश्य लिहावे.

जुनी_वही (कल्याण)

मंजिरीताई, आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर निःसंदिग्ध आहे. आधी ग्रंथालय, मग मनोरा. प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या इमारतीसाठी दोन लाख रुपये देऊ केले. त्यानंतर थोड्याच आठवड्यांनी, त्याच वर्षी, त्यांनी आणखी दोन लाख रुपये दिले, आणि ही दुसरी देणगी मोठे घड्याळ व घंटांचा संच असलेल्या मनोऱ्यासाठी होती. त्या मनोऱ्याला आपल्या आईचे, राजाबाईंचे, नाव द्यावे अशी त्यांची इच्छा होती. पुढे मनोऱ्याच्या नावाखाली ग्रंथालयाचे नाव झाकले गेले, हा लोकांच्या बोलण्याचा परिणाम आहे. दात्याच्या मनातला क्रम उलटा होता. विद्यार्थ्यांना ही एक गोष्ट लक्षात राहिली तरी आपली भेट सार्थकी लागली असे मी समजेन.

हा काळ नीट समजावून सांगण्यासारखा आहे. विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ ची. लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर ते केवळ परीक्षा घेणारे आणि पदव्या देणारे विद्यापीठ होते, आणि शिकवण्याचे काम महाविद्यालयांकडे होते. त्यामुळे सुरुवातीला त्याला स्वतःची इमारतच नव्हती. १८६२ साली महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक हे पहिले पदवीधर बाहेर पडले, तेव्हा या ग्रंथालयाचा एक दगडही बसला नव्हता. रानडे-भांडारकर ज्या विद्यापीठातून शिकले त्याला वास्तू नव्हती आणि आपल्याला वास्तू मिळाली आहे, हे वर्गात सांगून पाहा. मुले थोडा वेळ विचारात पडतात, असा माझा अनुभव आहे.

इमारतीसाठी जागा मिळाली ती किल्ल्याचे तट पाडल्यामुळे. सर बार्टल फ्रियर १८६२ ते १८६७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांच्या कारकिर्दीत फोर्टची तटबंदी उतरवली गेली आणि मोकळ्या झालेल्या एस्प्लनेडच्या, म्हणजे किल्ल्याबाहेरच्या मैदानाच्या, कडेला सार्वजनिक इमारतींची एक सलग ओळ उभी करण्याचे ठरले. दक्षिणेकडून उत्तरेकडे चालत गेलात तर जुने सचिवालय, विद्यापीठाचे दीक्षान्त सभागृह, ग्रंथालय आणि उच्च न्यायालय अशा क्रमाने ही ओळ आजही दिसते. या सगळ्या इमारतींची तोंडे पश्चिमेला आहेत, कारण त्या काळी पुढच्या मोकळ्या मैदानापलीकडे बॅक बे या उपसागराचे पाणी होते. मरीन ड्राइव्ह आणि ओव्हलच्या पलीकडच्या आर्ट डेको इमारती विसाव्या शतकात भराव टाकल्यानंतरच्या आहेत. २०१८ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून जो समूह मान्य केला, त्यात मैदानाच्या या काठावरची व्हिक्टोरियन गॉथिक (टोकदार कमानींची, मध्ययुगीन युरोपीय वळणाची) आणि त्या काठावरची आर्ट डेको (विसाव्या शतकातील आधुनिक वळणाची) अशा दोन्ही ओळी आहेत. विद्यार्थ्यांना मैदानाच्या मध्यभागी उभे करून एकदा पूर्वेकडे आणि एकदा पश्चिमेकडे पाहायला सांगा. एकाच जागेवरून साठ-सत्तर वर्षांचे अंतर दिसते.

आता पैशाची बाजू. ती मी मुद्दाम लांबवतो आहे, कारण माझ्या मते या इमारतीच्या इतिहासातला सर्वांत नाट्यमय भाग तोच आहे. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालले होते. दक्षिणेकडील राज्यांचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि भारतातील कापसाचे भाव भडकले. मुंबईत इतका पैसा आला की त्याचे काय करावे हे लोकांना कळेना. बँका निघाल्या, समुद्रात भराव टाकणाऱ्या कंपन्या निघाल्या, त्यांचे शेअर हातोहात खपू लागले. या सगळ्या उलाढालीच्या केंद्रस्थानी प्रेमचंद रायचंद होते. १८६५ च्या वसंतात युद्ध संपल्याची बातमी आली, कापूस कोसळला आणि १ जुलै १८६५ रोजी वायद्यांचे, म्हणजे पुढच्या तारखेच्या बोलीवर केलेले, व्यवहार पुरे करण्याची वेळ आली तेव्हा शहरातील मोठमोठी घराणी बुडाली. खुद्द प्रेमचंदही त्यातून सुटले नाहीत. देणगी १८६४ ची आणि कोसळ १८६५ ची. हा क्रम उलटा झाला असता तर ओव्हलच्या काठावर आज काय असते, याची कल्पना करून पाहावी. पायाभरणी १ मार्च १८६९ रोजी झाली आणि मनोरा नोव्हेंबर १८७८ मध्ये पूर्ण झाला. ग्रंथालय आणि मनोरा मिळून सुमारे साडेपाच लाख रुपये खर्च आला. १८८० च्या फेब्रुवारीत ग्रंथालय वाचकांसाठी खुले झाले. म्हणजे ज्या दिवसांच्या श्रीमंतीतून ही इमारत निघाली, ते दिवस संपून दीड दशक उलटल्यावर पहिला वाचक आत बसला.

आईच्या गोष्टीबद्दल माझे मत असे की ती आख्यायिका म्हणून सांगावी, आणि आख्यायिका आहे असे स्पष्ट म्हणून सांगावी. सूर्यास्तापूर्वी भोजन हा जैन आचार खराच आहे आणि आईच्या नावासाठी मुलाने केलेले दानही खरे आहे. एवढे दोन धागे हाताशी असले की लोकांच्या मनात तिसरा आपोआप विणला जातो. मात्र देणगीमागचा हेतू आधी ग्रंथालयाचा होता हे आपण वर पाहिलेच आहे.

नौपाडकर

मी १९८० च्या दशकात पदव्युत्तर अभ्यास करत असताना ठाण्याहून लोकलने जाऊन त्या वाचनालयात बसत असे. इतिहासाचे सनावळीचे अंग वरच्या प्रतिसादात आले आहेच, म्हणून मी केवळ आत बसणाऱ्याला काय दिसते तेवढे लिहितो.

आपण मनोऱ्याच्या पोटातून आत जाता. पश्चिमेच्या बाजूला मनोऱ्याच्या तळाशी कमानींचा प्रशस्त द्वारमंडप आहे, जिथे पूर्वी घोडागाड्या थेट पायऱ्यांपर्यंत येत असत. बाहेरच्या उन्हातून त्या मंडपात पाऊल टाकले की अंगावर एकदम गारवा येतो. डोळे अंधाराला सरावेपर्यंत माणूस आपोआप थांबतो आणि आवाज खाली आणतो. शांतता राखा अशी पाटी लावण्याची वेळ येण्याआधीच इमारतीने ते काम केलेले असते.

वरच्या मजल्यावरील वाचनदालन ही या इमारतीची खरी जागा आहे. छत सागवानाचे, उंच आणि कमानदार, आणि दोन्ही बाजूंच्या टोकदार कमानींच्या खिडक्यांत रंगीत काचा. जुलै महिन्यातील एक दुपार मला अजून स्पष्ट आठवते. सकाळपासून पाऊस होता आणि दालनात करडा, मऊ उजेड भरलेला होता. तीनच्या सुमारास ढग फाटले आणि पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आत आले, ते माझ्या उघड्या वहीवर तांबूस आणि निळ्या डागांच्या रूपात उतरले. मी लिहीत राहिलो. अर्ध्या तासाने पाहिले तर तो निळा डाग वहीवरून टेबलाच्या कडेला गेला होता. तेवढ्यात वर घड्याळाने ठोका दिला. तो ठोका कानांपेक्षा टेबलावर टेकलेल्या कोपराला आधी जाणवला, असे मला त्या वेळी वाटले आणि आजही वाटते. वेळ कळण्याचे दोन मार्ग त्या दालनात एकाच वेळी चालू असतात, असे मी तेव्हा वहीच्या समासात लिहून ठेवले होते.

मंजिरीताई, परवानगी मिळून आत गेलात तर विद्यार्थ्यांना आधी माहिती सांगू नका. पाच मिनिटे नुसते बसू द्या. त्यांच्या बोटांना भ्रमणध्वनी सोडून दुसरे काही तरी लागू द्या. बाकांचे लाकूड, खिडकीचा दगडी उंबरा, काहीही चालेल. माहिती नंतर लोकलमध्येही देता येईल, आणि ठाण्यापर्यंत तासभर हाताशी असतो.

आणखी एक सुचवतो. परतल्यावर याच विद्यार्थ्यांना ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात घेऊन जा. विनायक लक्ष्मण भावे यांनी १८९३ साली ते सुरू केले, म्हणजे विद्यापीठाचे ग्रंथालय खुले झाल्यानंतर तेरा वर्षांनी. एका ठिकाणी धनिकाचे दान आणि लंडनचा वास्तुविशारद, तर दुसऱ्या ठिकाणी मराठी पुस्तके एका छताखाली यावीत म्हणून धडपडणारी गावातील माणसे. दोन्ही ग्रंथालयेच आहेत. मी दोन्हीकडे वाढलो, त्यामुळे मला एकाला थोर आणि दुसऱ्याला लहान म्हणता येत नाही.

पारसिकचा_दगड (नेरूळ)

मी स्थापत्य अभियंता आहे आणि गेली काही वर्षे जुन्या दगडी बांधकामांच्या दुरुस्तीचे काम करतो. ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाला, म्हणजे लंडनमध्ये बसून मुंबईची इमारत कशी योजली याला, माझ्या परीने उत्तर देतो.

स्कॉट हे त्या काळचे इंग्लंडमधील अग्रगण्य गॉथिक वास्तुविशारद होते. लंडनच्या सेंट पॅन्क्रास स्थानकापुढचे हॉटेल, अल्बर्ट स्मारक आणि ग्लासगो विद्यापीठाची इमारत ही त्यांचीच कामे. मुंबईसाठी त्यांनी दीक्षान्त सभागृह आणि ग्रंथालय अशा दोन जोडवास्तू योजल्या. सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून झालेल्या सभागृहाला त्यांनी पंधराव्या शतकातील फ्रेंच वळण दिले, तर ग्रंथालयासाठी इटलीकडील, विशेषतः व्हेनिसकडील गॉथिक निवडले. ही निवड मला फार महत्त्वाची वाटते. इंग्लंडचे गॉथिक हे थंडीत ऊब धरून ठेवणारे, बंद भिंतींचे आहे. व्हेनिस मात्र समुद्रात वसलेले, उन्हाचे आणि दमट हवेचे शहर आहे, त्यामुळे तिथल्या गॉथिकमध्ये उघड्या कमानींच्या ओळी, सज्जे आणि जाळीदार गवाक्षे मुबलक आहेत. मुंबईला जे हवे होते ते त्या शैलीत आधीच होते. या इमारतीतील कमानींच्या ओळींनी खोल सावली पडते, पश्चिमेचे तिरपे ऊन आणि नैर्ऋत्येचा पाऊस थेट आतल्या भिंतीवर येत नाही आणि वारा मात्र आत येतो. कोपऱ्यांवरचे चक्राकार जिनेही उघड्या कमानींचे आहेत, ते पाहायला विसरू नका. जिन्यावरून चढताना समुद्रावरून येणारा वारा अंगावर घेत वर जाण्याची ती सोय आहे. एक खंत वाटते ती अशी की स्कॉट मार्च १८७८ मध्ये वारले आणि मनोरा त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पुरा झाला. आपली ही इमारत त्यांनी कागदाखेरीज कुठेच पाहिली नाही.

मात्र कागदावरचा आराखडा आणि उभी भिंत यांच्यामध्ये पाथरवट असतो. ही इमारत पिवळसर छटेच्या कुर्ला दगडात बांधलेली आहे. ठाण्याहून लोकलने जाणाऱ्या विद्यार्थ्यांना कुर्ला स्थानक आले की सांगा, की जी इमारत पाहायला आपण चाललो आहोत तिचा दगड या नावाचा आहे. आमच्या पारसिकच्या डोंगरातला काळा बेसॉल्ट कठीण असतो. त्यावर नाजूक नक्षी काढायची म्हणजे टाकीची, म्हणजे पाथरवटाच्या छिन्नीची, धार क्षणोक्षणी जाते. म्हणून कोरीव कामासाठी पोरबंदरचा मऊ, फिकट चुनखडीचा दगड वापरला गेला. भिंतीला एक दगड आणि नक्षीला दुसरा, हा निर्णय ज्याने घेतला त्याला हातातल्या टाकीची भाषा कळत होती.

या ठिकाणी थोडे विषयांतर वाटेल, पण इमारत जपणे म्हणजे काय हे विद्यार्थ्यांना कळावे म्हणून लिहितो. असे जुने बांधकाम चुन्यात केलेले असते. चुन्याच्या घाणीत दगडी चाकाखाली चुना आणि वाळू मळून तयार केलेला तो माल दगडापेक्षा मऊ आणि सच्छिद्र असतो. पावसाळ्यात भिंतीने पाणी प्यायले तरी उन्हाळ्यात ते सांध्यांतील चुन्यातून बाहेर उडून जाते. पाण्यातील क्षार सांध्यात साचतात, सांधा झिजतो, आणि तो पुन्हा भरला की काम भागते. झिजण्याचे काम सांध्याने करायचे आणि दगडाला वाचवायचे, अशी ती रचना आहे. सांध्यात सिमेंट भरले तर पाण्याला बाहेर पडायला वाट राहत नाही. मग ते दगडातूनच बाहेर पडते, क्षार दगडाच्या पृष्ठभागाखाली फुलतात आणि दगडाचे पोपडे सुटू लागतात. आपण ज्याला भिंतीला लोणा लागणे म्हणतो, ते हेच.

हे मी माझ्या डोळ्यांनी ठाण्यातील एका जुन्या वाड्याच्या जोत्यावर पाहिले आहे. मालकांनी भक्कमपणा यावा या सद्हेतूने दगडांमधले सांधे सिमेंटने भरून घेतले होते. काही पावसाळ्यांनंतर मी तिथे गेलो तेव्हा सिमेंटच्या रेषा जशाच्या तशा, ताठ उभ्या होत्या आणि त्यांच्यामधले दगड बोटभर आत गेले होते. चौकट शाबूत आणि चित्र झिजलेले, असे ते दृश्य होते. मी त्या दगडावरून हात फिरवला तर भाकरीच्या पिठासारखी भुकटी हाताला लागली. ते जोते पाहिल्यापासून कोणत्याही जुन्या इमारतीपुढे उभा राहिलो की मी सर्वांत आधी सांधे पाहतो.

विद्यापीठाच्या या ग्रंथालयाचे आणि मनोऱ्याचे मोठे जतनकाम २०१५ साली पूर्ण झाले. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने त्यासाठी आर्थिक साहाय्य केले होते आणि ब्रिंदा सोमाया या त्या कामाच्या वास्तुविशारद होत्या. पुढे २०१८ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा संवर्धन पुरस्कारांतही या कामाचा गौरव झाला. अशा कामात रंगीत काचेची डागडुजी किती किचकट असते हेही सांगण्यासारखे आहे. रंगीत काचेची खिडकी म्हणजे लहान लहान तुकडे शिशाच्या पट्ट्यांनी एकमेकांना जोडलेले असतात. शिसे मऊ असल्याने वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि स्वतःच्याच भाराने खिडकीला पोट सुटते, ती फुगते. तेव्हा अख्खी चौकट उतरवून, प्रत्येक तुकड्याची जागा कागदावर टिपून, पट्ट्या बदलून पुन्हा जोडावी लागते. नौपाडकर काकांच्या वहीवर उतरलेला तो निळा डाग टिकवण्यासाठी एवढे करावे लागते.

मंजिरी_ठाणे

आपणा तिघांचे मनापासून आभार. दानाचा क्रम आणि कापसाच्या भावाची साखळी मी वर्गात फळ्यावर मांडणार आहे. सांध्यांचे निरीक्षण मात्र तिथेच, भिंतीसमोर उभे राहून करायला लावीन. पाच मिनिटे काहीही न सांगता बसू देण्याची सूचना मला सर्वांत अवघड वाटते, कारण शिक्षकाला गप्प बसणे जमत नाही, पण प्रयत्न नक्की करीन.

पुतळ्यांचा प्रश्न अजून राहिला आहे. माझ्या वर्गात निरनिराळ्या समाजांतील मुले आहेत. मनोऱ्यावर जातींचे पुतळे आहेत असे सरळ सांगितले तर पुढे काय विचारले जाईल याची मला कल्पना आहे, आणि त्या प्रश्नाला टाळणारे उत्तर मला द्यायचे नाही.

जुनी_वही (कल्याण)

ताई, आपण हा प्रश्न पुन्हा विचारलात हे बरे केले. मघाशी पैशाच्या ओघात मी तो बाजूला ठेवला होता.

मनोऱ्यावर एकूण चोवीस पुतळे आहेत आणि ते पश्चिम भारतातील वेगवेगळ्या जाती-जमातींचे नमुने म्हणून घडवलेले आहेत. त्यांचे शिल्पकार म्हणून रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांचे नाव नोंदलेले आहे. ते बांधकामाशी संबंधित असलेले एतद्देशीय अभियंता होते. हे नाव विद्यार्थ्यांना अवश्य पाठ करून घ्या. स्कॉट यांचे नाव प्रत्येक माहितीपत्रकात असते आणि प्रेमचंदांचे नाव तर सर्वांना माहीत आहे, पण ज्याने या परक्या शैलीच्या मनोऱ्यावर इथली माणसे चढवली, त्याचे नाव शंभरातील एकालाही सांगता येत नाही. युरोपातील गॉथिक चर्चवर अशा कोनाड्यांत संत, देवदूत आणि राजे उभे असतात. मुंबईत त्याच कोनाड्यांत पागोटी बांधलेली, धोतरे नेसलेली, आपल्या रोजच्या पेहरावातील माणसे उभी राहिली. हे धाडस मला फार मोठे वाटते.

त्याच वेळी दुसरी बाजूही सांगायला हवी. तो काळ माणसांची जात-जमातींनुसार नोंद करण्याचा होता. १८७२ साली पहिली जनगणना झाली, आणि पेहराव, पगडी, चेहऱ्याची ठेवण यांवरून लोकांचे ‘नमुने’ ठरवण्याची राज्यकर्त्यांची दृष्टी शाळा, छायाचित्रे आणि शिल्पे सगळीकडे झिरपली होती. या पुतळ्यांमध्ये व्यक्ती नाही, नमुना आहे. ज्या विद्यापीठाने पुढे जन्मावरून ठरलेल्या चौकटी ओलांडण्याची संधी अनेकांना दिली, त्याच विद्यापीठाच्या मनोऱ्यावर त्या चौकटी दगडात कोरलेल्या आहेत. विद्यार्थ्याने विचारले की हे योग्य आहे का, तर मी त्याला सांगेन की तुझा प्रश्न योग्य आहे, आणि तो विचारायची जागाही हीच आहे. १८९२ मध्ये काशिनाथ त्र्यंबक तेलंग या विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू झाले. १९१९ मध्ये स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांच्या नेतृत्वाखाली इथेच समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचा विभाग सुरू झाला आणि जात म्हणजे काय याचा अभ्यास त्या विषयाच्या शिस्तीने होऊ लागला. मनोऱ्यावर जे उत्तर म्हणून कोरले होते, तेच खाली ग्रंथालयात प्रश्न म्हणून वाचले जाऊ लागले, असे मी माझ्यापुरते या इमारतीकडे पाहतो.

पारसिकचा_दगड (नेरूळ)

पुतळे पाहण्याबद्दल एक व्यावहारिक सूचना. मनोरा २८० फूट उंच आहे आणि त्याचे वरचे मजले सर्वसामान्यांसाठी बंद असतात, त्यामुळे पुतळे खालूनच पाहावे लागतील. इमारतीच्या अगदी पुढ्यात, कर्मवीर भाऊराव पाटील मार्गाच्या पदपथावर उभे राहिलात तर झाडांमुळे आणि तीव्र कोनामुळे वरचे काहीच दिसत नाही. मैदानात शंभरेक पावले आत जा. सकाळी सूर्य मनोऱ्याच्या मागे असतो आणि दर्शनी बाजू काळवंडलेली दिसते. दुपारी साडेतीननंतर पश्चिमेचे ऊन थेट दगडावर येते, त्या उन्हात कुर्ला दगडाचा पिवळेपणा खुलतो आणि पोरबंदरच्या फिकट दगडातील नक्षी व पुतळे त्यावर वेगळे उठून दिसतात. दोन दगडांतला फरक कळण्यासाठी याहून चांगली वेळ नाही. शक्य झाल्यास दोन-तीन दुर्बिणी बरोबर ठेवा.

नौपाडकर

साडेतीनची वेळ मीही सुचवणार होतो, कारण नेमक्या त्याच वेळी आत वाचनदालनात पश्चिमेच्या काचांमधून रंग उतरतात. म्हणून विद्यार्थ्यांचे दोन गट करावेत असे वाटते. एक गट आत बसलेला असताना दुसरा मैदानातून पुतळे पाहील, आणि पुढच्या पाव तासाचा ठोका पडला की दोघांनी जागा बदलायच्या. वेळ सांभाळायला कोणालाही मनगटाकडे पाहावे लागणार नाही.

मंजिरी_ठाणे

हे ठरले. परवानगीच्या पत्रात मी सकाळी अकराची वेळ लिहिली होती. उद्याच दुरुस्तीचे पत्र देते आणि दुपारी तीन ते पाच अशी वेळ मागते. ठाण्याहून एक वाजून काही मिनिटांची जलद गाडी धरू, म्हणजे सीएसएमटीवरून हुतात्मा चौकमार्गे सावकाश चालत जाता येईल. वाटेत कुर्ला आले की दगडाची गोष्ट सांगायची, हे वहीत लिहून ठेवले आहे. भेटीनंतर विद्यार्थ्यांनी केलेल्या टिपणांपैकी काही इथे नक्की देईन.